चौकातली होडी

विलासचे कामाचे कपडे जयमाला घरातल्या इतर कपड्यांत कधी टाकत नसे. फायबरची बारीक कुसं एकदा मशीनमध्ये गेली की लेकीच्या मोज्यांपर्यंत सगळ्यांना खाज सुटते, हे ती लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती. त्याची बादली वेगळी, वाळत घालायची दोरी वेगळी. रेझिनचा वास तेवढा वेगळा ठेवता येत नसे.

विलास देवगडकडचा. चाकणच्या एका कारखान्यात फायबरचे साचे करायला आला, तळवड्यात सोपानरावांच्या चाळीत भाड्यानं राहिला आणि त्यांचाच जावई झाला. सोपानरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट शेताच्या कडेचं पत्र्याचं शेड त्याला धंद्याला दिलं. "आपलीच जागा हाय, भाडं कसलं," असं ते चारचौघांत म्हणत, आणि ते चारचौघांतच म्हणत.

शेडमध्ये विलासनं काय काय केलं! सोसायट्यांच्या बागेतल्या घसरगुंड्या, बसचे बंपर, मंगल कार्यालयातली नवरा-नवरीची सिंहासनं. गिऱ्हाईक चित्र आणून देई, हा साचा करी. सासरच्या लग्नकार्यात त्याची ओळख 'शेडमधले दाजी' अशी करून देत आणि पुढच्या पाहुण्याकडे वळत.

होडी मात्र त्याची स्वतःची. एका पावसाळ्यात पवनेचं पाणी पिंपरीच्या नदीकाठच्या वस्तीत शिरलं, तेव्हा तो माणसं काढायला गेला होता. उंच काठाच्या बोटीत एका म्हातारीला चौघांनी पोत्यासारखं ओढून घेतलं. तिचं लुगडं सुटलं, आणि जीव वाचला तरी ती पदर सावरत रडत राहिली. घरी आल्यावर विलास जेवला नाही. मग रविवारमागून रविवार शेडमध्ये नव्या होडीच्या नमुन्याचं प्लास्टर घासत बसला. दोन्ही टोकं उचललेली, मधला काठ सखल, आणि सगळ्या कडेला तळहात टेकेल एवढी रुंद गोलाई.

"म्हशीसारखी दिसते," जयमाला म्हणाली.

"मग? म्हशीवर कुणालाही बसता येतं."

तो हसला तेव्हा तिला जाणवलं, की कामाबद्दल बोलताना हा माणूस याआधी कधी हसला नव्हता.

जयमालाच्या मैत्रिणीची मुलगी दीक्षा पिंपरीत वकिली करते. तिनं सांगितलं, "काका, या आकाराची नोंदणी करा. मग तुमच्या परवानगीशिवाय कुणाला तो वापरता येणार नाही. पण अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नका. आकार नवा पाहिजे. आधी लोकांसमोर आलेला चालत नाही."

विलासनं होडीवर निळी ताडपत्री टाकली आणि दोरीनं बांधली. अर्जाला सगळ्या बाजूंचे फोटो लागणार होते. रंगाचा शेवटचा हात वाळू दे, मग काढू, असं करत तो थांबला, आणि मधेच खंडेनवमी आली.

त्या दिवशी सासरचा सगळा गोतावळा शेडमध्ये जमला. हत्यारांना हळदकुंकू लागलं, कॉम्प्रेसरला हार पडला. सासू शालनबाई आरतीचं ताट घेऊन ताडपत्रीसमोर थांबल्या.

"जावईबापू, ह्ये कापड काढा."

"राहू दे आई. वरूनच वाहू."

"तोंड झाकून कुणी पूजा घेतं व्हय? बैलाला ववाळताना आपण गोणपाट टाकतो का?"

सगळे हसले. सोपानराव म्हणाले, "घरचीच माणसं हायत. कोण नेतंय उचलून?" मग त्यांनी पाटाकडे बोट केलं. दरवर्षी पूजेला त्या पाटावर त्यांचा मुलगा रणजीत बसायचा. "आज तुमी बसा. तुमची वस्तू हाय."

इतक्या वर्षांत विलासला त्या पाटावर कुणी बसवलं नव्हतं. त्याचा हात दोरीच्या गाठीकडे गेला. जयमालाला दीक्षाचं बोलणं आठवलं. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. गाठ त्यानं स्वतःच सोडली.

दसऱ्याच्या सकाळी चौकात फ्लेक्स लागला. पुढे हात जोडलेला रणजीत, मागे झेंडूची माळ घातलेली होडी, खाली बारीक अक्षरांत 'संकल्पना : आमचे दाजी विलासराव'. रणजीतला वॉर्डात उभं राहायचं होतं, त्यानं तो फोनवरूनही सगळीकडे पाठवला. विलास काही ना काही निमित्त काढून स्कूटरवरून चौकात जाऊन आला. येताना जिलबी आणली. दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवणं, असं त्याच्या डोक्यात होतं. फ्लेक्स तर घरच्या कौतुकाचा. दिवाळीनंतर त्यानं अर्ज केला, यथावकाश प्रमाणपत्र आलं, फ्रेममध्ये बसून शेडमध्ये लागलं. कौतुकाच्या नादात दीक्षाला फ्लेक्सबद्दल सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

होड्या थोड्या थोड्या विकल्या जाऊ लागल्या. मग एके दिवशी एका तलावावर त्याला आपल्याच आकाराच्या होड्या ओळीनं बांधलेल्या दिसल्या. चाकणच्या कारखान्याच्या, त्याच जुन्या कारखान्याच्या. त्यानं एका होडीच्या काठावरून हात फिरवला. डाव्या बाजूला बोटभर खोलगट लागलं. त्याच्या मूळ प्लास्टरच्या नमुन्यात पुट्टी दबून राहिलेला खड्डा होता तो. विकत घेतलेल्या होडीवरूनच त्यांनी साचा काढला होता, चुकीसकट. त्या रात्री विलासला राग आलाच नव्हता. आता पुरावा हातात आहे, असं तो जयमालाला पुन्हा पुन्हा सांगत होता.

पण कारखान्याच्या वकिलानं कोलकात्याच्या नोंदणी कार्यालयात उलट अर्ज टाकला. ही नोंदणीच रद्द करा. सोबत रणजीतनं टाकलेला फ्लेक्सचा फोटो, तारखेसकट.

दीक्षानं तो टेबलावर ठेवला. "काका, हा अर्जाच्या आधीचा?"

"दसऱ्याचा."

"मला का नाही सांगितलंत?"

जयमाला म्हणाली, "घरची पूजा होती गं ती."

"पूजा घरची होती, काकू. चौक घरचा नाही. सरकारनं जाहीर केलेल्या प्रदर्शनात, आधी कळवून होडी ठेवली असती तरी सवलत मिळाली असती."

"आणि तो खड्डा?" विलासनं विचारलं. "त्यांनी माझी चूकसुद्धा चोरली."

"नोंदणीच उरली नाही, तर कायद्यानं ती चोरी राहत नाही."

नोंदणी रद्द झाल्याचं माहेरी जेवताना निघालं. रणजीत दुखावला. "दाजी, मी चौकात तुमचं नाव लावलं. लोकं नाव लागावं म्हणून पाया पडतात माझ्या."

"मी काही बोललो का?" विलास म्हणाला.

"तोंडावर दिसतंय की."

"पोरानं हौसेनं केलं," सोपानराव ताटातून मान वर न करता म्हणाले. "आपल्याच शेडमधली वस्तू, आपल्याच चौकात लावली. त्यात कोर्टकचेरी कुठनं आली?"

शालनबाईंनी जावयाच्या ताटात न विचारता भात वाढला. विलासनं तो संपवला. जयमालाला वाटलं, यानं ताट सरकवलं असतं तर बरं झालं असतं. पण ते शेड ज्यांचं, त्यांच्या घरात ताट सरकवता येत नाही, हे तिच्याइतकंच त्यालाही कळत होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर रणजीतनं नदीकाठच्या वस्तीला होड्या भेट दिल्या. चाकणहून आणलेल्या.

"तुमच्याकडं एकेक करत बसायला वेळ लागतो, दाजी. मला पावसाच्या आधी पायजे होत्या. आन् शेप तर तुमचाच हाय ना?"

चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर होड्या होत्या, रणजीत होता. खालची बारीक ओळ नव्हती.

त्या आठवड्यात विलासनं शेडची किल्ली सोपानरावांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. चाकणच्या कारखान्यातून फोन आला होता. त्यांना साच्यांवर माणूस हवा होता.

"त्यांच्याकडे जाणार?" जयमालानं विचारलं. "ज्यांनी तुम्हाला लुटलं, त्यांच्याकडे?"

"त्यांना निदान ठाऊक आहे ती होडी कुणाची आहे."

माहेरच्या बाजूनं बोलायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि नवऱ्याच्या बाजूनं बोलायची वेळ त्या पाटाजवळच निघून गेली होती.

पहिल्या दिवशी तो संध्याकाळी कंपनीच्या बसनं आला. ती मोरीत त्याच्या बादलीत पाणी सोडत होती. गणवेश नवा होता, कुसं जुनीच.

"काय काम दिलं?"

"डावीकडचा खड्डा. गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या."

तिनं नळ बंद केला. "मग?"

"बुजवला," शर्टाची बटणं काढत तो म्हणाला. "आता हात फिरवला तरी लागत नाही."