ओरोसियाचा हात

तुम्ही गावात नसताना तुमच्या नावानं कुणी हात वर केला, तर तो हात तुमचा की त्याचा? सांगा बघू. ओरोसियाला हे कुणी विचारलंच नाही.

साऱ्या स्पेनला डुकराचं मांस लागतं. पण डुकरांचा कारखाना खालोन नदीचं पाणी पिऊन बसला, तर तोर्रेमुदा गावाच्या पीचच्या बागांनी काय प्यायचं? याच सवालापायी ओरोसियानं घसा फोडला. जन्म बागेत राबण्यात गेला, कायदा कचेरीच्या बाकावर बसून ऐकून ऐकून शिकली. नदीकाठानं सायकलवर एकटीनं खाली जायचं, गावोगावी ‘पाणी विकणार नाही’ असा शब्द मागायचा, ही कल्पना मात्र तिची नव्हे. ती गाउदेन्सिओची. दोघांची शेतं लागून, पाट एकच.

“तू बोललीस की दगडाला पाझर फुटतो, बये,” म्हणत त्यानं तिच्या सायकलच्या चेनला तेल घातलं. पिशवीत सॉसेज कोंबलं. “घरच्या डुकराचं आहे हो, कारखान्याचं नव्हे! घाई करू नकोस. गावोगावी पोटभर जेव.”

“जेवायला निघालेय का मी, गाढवा?”

“तोंड चाललं की तुझे पायही चालतात!”

गाव हसलं. कुणीतरी चर्चची घंटासुद्धा वाजवली. वळणावर ओरोसियानं गुपचूप डोळे पुसले.

वाट उताराची. एका हाताला वेळूची बेटं, दुसऱ्या हाताला बागा. गावोगावी ती कारंज्यापाशी सायकल टेकवायची आणि बोलायला लागायची. लोक वाइन द्यायचे, शब्दही द्यायचे. सारं तोर्रेमुदा मागून सायकल ढकलतंय, असं तिला वाटायचं.

खालोन मोठ्या एब्रो नदीला मिळते त्याच्या अलीकडे एका खानावळीत तिनं तोंड उघडलं, तशी मालकीण कासिल्दा फिस्सकन हसली.

“मावशी, तुम्ही तोर्रेमुदाच्या ना? मग आम्हाला कसली अक्कल शिकवता? तुमच्या गावानं पाणी देऊनही टाकलं कारखान्याला.”

“खोटं!”

“माझा जावई तिथलाच. एकमतानं झालं म्हणे.”

एकमतानं! तोर्रेमुदाच्या पाणीसभेचा जुना रिवाज असा, की एकानं जरी नाही म्हटलं तर पाणी हलत नाही. आणि जो हजर नाही, त्याच्या वतीनं पाटाचा भागीदार हात वर करतो. आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी केलेली सोय ही.

तिनं तिथूनच गाउदेन्सिओला फोन लावला. “माझा हात तू वर केलास?”

“अगं, पोरांना नोकऱ्या लागतील…”

“मी असते तर ठराव पडला असता!”

“म्हणूनच तर…” म्हणाला आणि गाउदेन्सिओनं जीभ चावली.

सॉसेज तिनं दारातल्या कुत्र्यापुढे टाकलं आणि सायकल उलटी फिरवली. आता चढ. ज्या ज्या गावानं शब्द दिला होता, तिथं तिथं उतरून तिनं सांगितलं, “माझंच गाव फितूर निघालं. माझ्या हातासकट.” हे सांगताना छातीत जे भरून यायचं, त्यापुढे चढ काहीच नव्हता.

चौकात गाउदेन्सिओ सामोरा आला. “दमली असशील. चल, घोटभर घे.”

तिनं उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. “ओळखतोस? नीट बघून घे. पुढच्या सभेत हा ‘नाही’ म्हणायला वर जाईल, आणि माझ्याच खांद्यातून जाईल.”

पाणी अजून कारखान्याकडे वळलेलं नाही; रिवाजानं ठराव पुढच्या सभेत पुन्हा एकमतानं पक्का व्हावा लागतो, आणि ती सभा व्हायची आहे. ओरोसिया आता गाव सोडत नाही. तुम्हालाही कुणी टाळ्या वाजवत मोहिमेवर धाडत असेल, तर एवढं करा: सायकलवरून उतरा, गावची सभा कधी आहे ते विचारा, आणि आधी तिथं जाऊन बसा.