शेवटचा हात कोणाचा

तुमसर रोड स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझी पत्र्याची पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर एक गाठोडं ठेवलं. त्यात दोन पांढरे पंचे होते. बाबांनी आमच्या मागावर विणलेले, आदल्या दिवशीच उतरवलेले, खळीने इतके ताठ की गाठोड्याचे कोपरे टोचत होते. आंधळगावहून आम्ही बैलगाडीने आलो होतो. आगगाडी दिसू लागली तेव्हा बाबा म्हणाले, "तिथं दुसऱ्याचं काई वापरू नोको. कोऱ्या कापडाइतकं चोख काई नसते, बेटी." मी मान हलवली. त्यांच्याकडे बघितलं असतं तर मी पेटी घेऊन परत बैलगाडीत बसले असते. रडू आलं ते भंडारा रोड मागे पडल्यावर.

रेवा, तू मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलंस की तुला नर्सिंगला प्रवेश मिळाला. नील मागून ओरडला, "आजी, तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?" मी म्हटलं, हात धुवायला. तुम्ही दोघंही हसलात. उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. अपुरं उत्तर देऊन गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत घरोघरी माग होते. शाळेत माझं इंग्रजी चांगलं होतं, म्हणून गुरुजींनी बाबांना गाठून मला नागपूरला नर्सिंगला पाठवायला लावलं. कोष्ट्याची पोर परक्यांचं मळमूत्र काढायला जाणार, यावर गल्लीत बरंच बोलणं झालं. आईने एकदाच उत्तर दिलं, "तुमचं काढायची पाळी आली तं तिलेच बोलवाल." त्यानंतर आमच्या ओट्यावर कोणी काही बोललं नाही.

हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत सहाजणी. गजर, युनिफॉर्म, कॅप, ड्यूटी, मेस हे शब्द पंधरा दिवसांत तोंडात बसले. आंधळगावात सकाळ मागावरच्या धोट्याच्या खटखटीने व्हायची, इथे ती बेडपॅनच्या आवाजाने होऊ लागली. चादरीला सुरकुती राहू न देणं, उठता न येणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, ओल्या फडक्याने अंग पुसताना एका वेळी एकच अवयव उघडा ठेवणं, हे सगळं मी वहीत नीट लिहून घेत असे. ती वही अजून आहे.

आमच्या ट्यूटर सिस्टर केरळच्या. शिकवायच्या इंग्रजीत, रागवायच्या हिंदीत. कोणतीही वस्तू उचलून त्या एकच प्रश्न विचारायच्या, "लास्ट हाथ किसका?" किडनी ट्रे असो, थर्मामीटर असो, नळाची तोटी असो. ही वस्तू आता तू धरलीस, पण तिला शेवटचा हात कोणाचा लागला होता, आणि त्या हाताला त्याआधी काय लागलं होतं? उत्तर माहीत नसेल तर ती वस्तू अस्वच्छ, मग कितीही चकाकू दे. एकदा हात धुऊन मी ते माझ्या पदराला पुसले. सिस्टरांनी मला पुन्हा नळावर पाठवलं. त्या दिवशी मी सात वेळा हात धुतले. मला वाटलं, आपण धडा शिकलो.

दुसऱ्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत मी सुट्टीवर घरी आले. वहिनीचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी झालं होतं, हे दुसरं आमच्याकडे. गावातली सगळी बाळंतपणं भागरथाबाई करायची. माझंही तिनेच केलेलं. ती घरात शिरल्याबरोबर मी तिला नखं कापायला लावली, बांगड्या वर सारायला लावल्या आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

"अवं नर्सबाई," ती म्हणाली, "याच हातानं तुले भाईर काढली. तवा तं नाई बोलली काई."

पण तिने हात धुतले, आणि मी सांगितलं म्हणून दुसऱ्यांदाही धुतले. नवं ब्लेड आणि दोरा मी वीस मिनिटं उकळले होते. नाळेवर ती गोवरीची राख लावायची, ती मी लावू दिली नाही. वहिनीची सुटका नीट झाली. मुलगी झाली, मोठ्याने रडली आणि मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

त्या काळी नाळेवर निर्जंतुक गॉज ठेवून पट्टी बांधायला आम्हाला शिकवत. आता तुला वेगळं शिकवतील, नाळ कोरडी आणि उघडी ठेवायला, आणि तेच बरोबर आहे. माझ्याकडे गॉज नव्हतं. भागरथाबाईने तिच्या पिशवीतून एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं फडकं काढलं. मी ते हातातही घेतलं नाही. बाबांनी त्या सकाळी मागावरून खास हातभर कापड कापून आणलं होतं, नातवंडासाठी. पांढरं, ताठ, कोणीही न वापरलेलं.

"कोरं टोचते लेकराले," भागरथाबाई म्हणाली. "खळ हाय त्याच्यात."

"कोऱ्या कापडाइतकं चोख काही नसतं, मावशी," मी म्हटलं, आणि ते कापड दुमडून बाळाच्या पोटावर बांधलं. ब्लेड उकळलं होतं, दोरा उकळला होता. कापड उकळायचं माझ्या मनातही आलं नाही. ते आमच्या घरचं होतं ना!

पाचव्या दिवशी भागरथाबाई बाळाला तेल लावायला आली आणि पट्टीजवळ नाक नेऊन थांबली. "वास येऊन राहिला, सुमन." मी पट्टी सोडली. बाळाच्या मुताने खळ भिजून चिकट, आंबूस झाली होती. बेंबीच्या भोवती लाली पसरली होती आणि तिथली कातडी हाताला गरम लागत होती. सकाळपासून बाळ नीट पीतही नव्हतं. ही लक्षणं माझ्या वहीत ओळीने लिहिलेली होती.

शेजारणी म्हणाल्या, राख लावू दिली नाही म्हणून झालं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. काय चुकलं ते समजेना म्हणून मी दाराशी येऊन उभी राहिले. समोर बाबा मागावर बसले होते. ताण्यातला एक उभा धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, बोट जिभेला लावलं आणि ओल्या बोटाने दोन टोकं पिळून धागा सांधला. मग पुन्हा धोटा सुरू. जन्मापासून हे मी रोज पाहत आले होते. मीही हजारो धागे तसेच सांधले होते. त्या दिवशी मात्र मला ट्यूटर सिस्टरांचा आवाज ऐकू आला. लास्ट हाथ किसका?

हातभर कापडात असे किती धागे सांधलेले असतील, याचा मी विचार करू लागले. ते सूत अंगणात पसरलेलं, पायाखालून गेलेलं, खळीच्या भांड्यात बुडवलेलं, बाबांच्या, दादाच्या, आईच्या हातांतून आलेलं. आमच्यासाठी कोरं म्हणजे कोणी न नेसलेलं. जंतूंना नेसण्याशी काय घेणं! भागरथाबाईचं फडकं शंभरदा धुऊन उन्हात वाळलेलं होतं. उकळलं असतं तर तेच कामाला आलं असतं.

मी बाबांजवळ गेले. "बाबा, लेकराला दवाखान्यात न्यावं लागेल. आत्ताच. चूक माझी आहे. तुमचं कापड मी उकळलं नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मागावरच्या कापडाकडे. "पहिले गाडी जुंपू," एवढंच म्हणाले.

अडचण दारात आली. बाळंतीण बारा दिवसांच्या आत उंबरा ओलांडत नसे. सोयर संपायचं होतं. वहिनी बाळाला छातीशी धरून उभी होती आणि एक पाऊल पुढे टाकत नव्हती. बाळाला एकटं नेलं असतं तर ते दुधावाचून राहिलं असतं. तेव्हा आईने वहिनीचा हात धरला. सोयरातल्या बाईला शिवून ती स्वतः विटाळली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "लागू दे सोयर मले. लेकराले कायले लावता?" तिने वहिनीला ओढत गाडीपर्यंत नेलं. भागरथाबाई न विचारता मागून चढून बसली.

तुमसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि विचारलं, "बेंबीवर काय बांधलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आधी भागरथाबाई पुढे झाली. "माह्याकडचं फडकं होतं, सायेब. जुनं. मीच बांधलं."

डॉक्टर तिला बोलू लागले, अडाणीपणा, घाण, लोकांच्या जिवाशी खेळ. ती मान खाली घालून ऐकत होती. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. कोणी संशय घेतला नसता. दाईने घाण कापड बांधलं, यात डॉक्टरांना नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. आणि मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे हे मघाशीच कागदावर लिहिलं गेलं होतं. माझ्या नर्सिंगच्या शाळेत कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला खरंच माहीत नव्हतं. गल्लीला तोंड देऊन बाबांनी मला धाडलं होतं, ते सगळं त्या एका वाक्यावर लटकत होतं.

"नाही," मी म्हटलं. "यांनी जुनं धुतलेलं कापड देऊ केलं होतं. मी नको म्हटलं. मागावरचं न धुतलेलं कापड मी बांधलं. मी दुसऱ्या वर्षाला आहे."

डॉक्टरांनी तो कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, "पट्टी कधी बांधली, ताप कधी आला, दूध कधीपासून कमी झालं, सगळं सांगा." मी तासवार सांगितलं. त्यांनी पेनिसिलिन सुरू केलं आणि मला म्हणाले, "इथे थांबा. बेंबी तुम्हीच साफ करा. हात धुऊन."

बाहेर व्हरांड्यात भागरथाबाईने मला चिमटा काढला. "कायले बोलली? माहा का दाखला फाडनार होते ते? दाखलाच नाई तं!" ती हसली, आणि मी रडले.

तिसऱ्या दिवशी बाळ पोटभर प्यायलं. त्या दुपारी बाबा पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. कापडात काय काय राहतं ते मी त्यांना वाटेत सांगितलं होतं; ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "थुकीनं झालं?"

"थुंकी, खळ, धूळ... कशाने ते सांगता येत नाही, बाबा. उकळलं असतं तर झालं नसतं."

"माह्या बापानंही असाच धागा सांधला," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

बाळ बरं होऊन घरी आलं. नागपूरला परतल्यावर मी ट्यूटर सिस्टरांना स्वतः सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्गात मला फळ्यापुढे उभं करून तीच गोष्ट सगळ्यांना सांगायला लावली. शिक्षा म्हणा की बढती म्हणा. पण हे नंतरचं. निघायच्या आदल्या दिवशी मी घरी काय पाहिलं, ते सांगायचं राहिलं.

अंगणात चुलीवर खळ शिजवायचं मोठं पातेलं चढलं होतं, पण आत खळ नव्हती. पाणी होतं, आणि त्यात हात हात लांबीचे पांढरे तुकडे उकळत होते. बाबा काठीने ढवळत होते आणि समोर भागरथाबाई बसून हुकूम सोडत होती, "अजून उकळू द्या, नर्सबाईचे वीस मिन्टं झाले नाई." तुकडे उन्हात वाळवून, धुतल्या हाताने घडी करून, स्वच्छ कागदात बांधून तिच्या पिशवीत गेले. माग बंद पडेपर्यंत बाबा तिला असे तुकडे करून देत राहिले. धागा मात्र ते शेवटपर्यंत जिभेला बोट लावूनच सांधत होते. मी एकदाही टोकलं नाही. कापड उकळल्याशी कारण.

यावेळी फलाटावर त्यांनी मला पुन्हा दोन पंचे दिले. गाठोड्याचे कोपरे टोचत नव्हते. "धुतले हाय," बाबा म्हणाले, "तरी तू आनखी एकदा धुऊन घे."

त्यानंतर मी गावी राहायला कधी गेले नाही. नोकरी नागपुरात, लग्न नागपुरात, तुमची आई इथेच जन्मली आणि इथूनच तुमच्या देशात गेली. आमच्या गल्लीत आता एखाददुसराच माग उरला आहे. लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, तर मी आंधळगाव सांगते, पण तिथल्या भिंती माझ्या डोळ्यापुढे येत नाहीत. पातेल्यापुढे बसलेला माझा बाप येतो. आयुष्यभर ज्या कापडाला चोख मानलं, ते मुलीने एकदा सांगितल्यावर उकळायला घालणारा. जिथे माझी चूक सांगूनही मला जागा राहिली, ते माझं घर.

तुम्हाला दिवाळीला चिवडा पाठवते ती वंदना मावशी म्हणजेच ते बाळ. तिने मला चार दिवसांपूर्वी सांगितलं, तिच्याकडे बाबांनी विणलेले दोन पंचे जपून ठेवलेले होते. ते मी मागवून घेतले. रेवा, या पार्सलमध्ये ते आहेत. तिने पेटीत ठेवताना धुतले होते, मी काल पुन्हा धुतले, आणि घडी मी केली आहे. शेवटचा हात माझा.

तरी तू आणखी एकदा धुऊन घे.