साळवी सरांच्या टिपांचं पुस्तक

ऐरोलीच्या या ऑफिसात मी बारा वर्षं चहा देते. चहावाली आली म्हणून कोणी बोलणं थांबवत नाही, त्यामुळे किस्से आपोआप साचतात. हे साळवी सरांचे आहेत. हसत ऐका, मला काही हसू येत नाही.

आमच्या कंपनीचा प्रोग्राम जासईच्या एका कंटेनर यार्डाचं गेट चालवतो. सरांनी एकट्याने लिहिलेला. त्यात मधेमधे ते इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा टाकायचे आणि खाली स्वतःचं नाव. म्हणाले, टिपा मशीन वाचत नाही.

"मग लिहिता कशाला?"

"माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी, मावशी."

मी म्हटलं, आपला कप धुवा असा बोर्ड मी पण लावलाय. कोण वाचतं?

* * *

मग मॅनेजर देवधर साहेबांनी ठरवलं, या टिपा गोळा करून आपोआप पुस्तक बनवणारं टूल घ्यायचं. पुस्तक झालं की प्रोग्राम बंगलोरच्या टीमकडे जाणार. निवड करायची टीममधल्या प्राचीने आणि साळवी सरांनी. प्राची दर आठवड्याला नवीन टूल आणायची, सर त्यात खोट काढायचे. याचा सर्च बरोबर नाही, त्यात तक्ते मोडतात. तीन महिने!

मी प्राचीला म्हटलं, "अगं, पोरीला नवरा बघताना मी एवढं बघितलं नव्हतं."

"म्हणून तर जावई तसा मिळाला," ती म्हणाली.

खरं होतं.

* * *

शेवटी दोन टूल उरली. पहिल्याचं पुस्तक रंगीत, अनुक्रमणिका वगैरे. आत नुसते मथळे, खाली पान कोरं! ते टूल म्हणे ठरावीक खूण केलेल्या टिपाच उचलतं, आणि सरांच्या जुन्या टिपांना ती खूणच नव्हती.

साहेब म्हणाले, "मेनूकार्ड झकास आहे. किचन बंद आहे का?"

दुसऱ्याने सगळंच उचललं. यार्डाचे मालक बघायला आले आणि स्क्रीनवर आलं, 'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.' साहेबांचा चेहरा पडला. मालक मात्र खूश.

"आमच्या यार्डान पन असा येक क्रेन हाय," ते म्हणाले. "त्याला कोन हात नाय लावत."

* * *

निवडीच्या दिवशी दोन्ही पुस्तकं टेबलावर. वाद घालून सगळे थकलेले, मी कप उचलत होते. साहेब चेष्टेत म्हणाले, मावशी, तुम्हीच सांगा कुठलं घेऊ.

मी चौथी शिकलेली. पण सरांच्या डब्यावर त्यांचं नाव इंग्रजीत आहे, तेवढी अक्षरं ओळखते. दोन्ही चाळली आणि दुसऱ्यावर हात आपटला.

"हे घ्या. यात साळवी सर आहेत. त्यात कोणीच नाही."

सगळे हसले. मग साहेब म्हणाले, "करेक्ट." तिथेच ठरलं. मी मोठ्या तोऱ्यात सरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

* * *

पुढच्या महिन्यात सरांचा नोकरीतला शेवटचा दिवस. पुस्तक झालं, माणूस मोकळा. ते पँट्रीत निरोप घ्यायला आले, तेव्हा कळलं.

"पुस्तक दिवाळीपर्यंत ढकलायचं होतं, मावशी. हिच्या केमोचे चार डोस राहिलेत. कंपनीच्या मेडिकल कार्डावर चालू होते."

म्हणजे प्रत्येक टूलमध्ये खोट मुद्दाम काढत होते. मी भडकले. एका माणसाला तरी सांगायचं ना, म्हटलं.

"कोणाला?"

रोज दोनदा त्यांच्यासमोर कप ठेवला मी. फाटक्या तोंडाची बाई, जगाला घरचं विचारते. त्यांना विचारलं नाही.

* * *

दोन महिन्यांनी यार्डाचं गेट अडकलं. ट्रकची रांग हायवेपर्यंत. बंगलोरच्या पोरांना काही सुचेना. साहेबांनी पुस्तक मागवलं, सगळे भोवती उभे. प्राचीने बरोबर पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, "इथे अडलं तर साळवीला विचारावे."

कोणी कोणाकडे बघेना.

फोन स्पीकरवर लावला. मागे हॉस्पिटलात पेशंटची नावं पुकारत होते. सर म्हणाले, एक मिनिट, बाहेर येतो. मग कुठली ओळ, काय बदलायचं, सगळं शांतपणे सांगितलं. गेट सुरू झालं.

साहेबांना केमोचं माझ्याकडून कळलं होतं. म्हणाले, "थँक यू, साळवी. वहिनी कशा आहेत?"

सर म्हणाले, "आत्ता सांगितलं ते टिपेत लिहून ठेवा. नाहीतर पुस्तकात येणार नाही."