मामांचं वाफेचं इंजिन

माझ्या मामेसासऱ्यांइतका तापट माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दुबईच्या अल क्वोज भागातल्या पंपांच्या वर्कशॉपात ते इंजिनिअर होते. दुबईवर त्यांचा राग, कारण इथे नळ सोडला की पाणी येतं आणि ते कुठून येतं हे विचारावंसं एकालाही वाटत नाही. फोरमन "इन्शाल्ला, कल करेगा" म्हणाला की यांचा पारा चढलाच! खंडेनवमीला मात्र दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पंपाला हळदकुंकू लावायचे, आणि कुणी हसलं की, "यल्ला, बाहर निकल!"

सगळ्याचं मूळ म्हणजे त्यांच्या गावचं वाफेवर चालणारं पंपिंग स्टेशन. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेहून बोटीने आलेलं, बैलांनी बंदरापासून ओढत नेलेलं दोन मजली इंजिन. मामांचे आजोबा त्याच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकत. पंपात चामड्याचा वॉशर आहे म्हणून गावाने ते पाणी नाकारलं, तेव्हा आजोबांनी भर चौकात तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. मामा हे वाढदिवसाच्या पार्टीत सांगत. पोरं विचारत, "अंकल, कॅन वी कट द केक नाऊ?" झालं! "बाटलीतलं पाणी पिणारी कार्टी तुम्ही, तुम्हाला काय कळणार?"

नगरपालिकेने ते इंजिन भंगारात काढायचं ठरवलं. मामांनी आठ वर्षं खपून त्याचा इतिहास लिहिला होता; इंजिन वाचवण्यासाठी ती फाइल त्यांनी माझ्याकडे दिली. ईमेल तेव्हा नुकतं आलेलं, त्याच्यावरही त्यांचा राग. मी सुट्टीवर निघालो होतो, आणि इंडियाला निघालेल्याच्या गळ्यात सामान मारणं ही आमची रीतच. "जावईबापू, लिलावाआधी नगरपालिकेच्या साहेबांच्या हातात द्या. विसरलात तर जावई म्हणून गय करणार नाही!"

विमानतळावर सामान तीन किलो जास्त भरलं. बॅगेत दूध पावडरचे डबे, बदाम, मिक्सर. आणि मी नालायकाने काढली काय, तर ती फाइल! सोडायला आलेल्या मित्राकडे देत म्हणालो, "पुढच्या खेपेला नेईन. भंगाराचा इतिहास वाचतो कोण?"

त्याच आठवड्यात लिलाव झाला. इंजिन गॅस कटरने कापून नेल्याचं मामांना फोनवर कळलं. परत आल्यावर मी त्यांच्यापुढे फाइल ठेवली, सगळं खरं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिलो.

"वजन जास्त झालं असेल. होतं असं," मामा म्हणाले, आणि मामींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

माझा मलाच आजही संताप येतो. त्यानंतर ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत; जावयाशी बोलावं तसं अदबीने, हळू आवाजात बोलत राहिले. मामा, अहो, एकदा तरी मला फैलावर घ्यायचं होतंत हो.