रांगेत अडकलेला इशारा

बिबवेवाडीतल्या एका छोट्या कंपनीत रुमाना प्रोग्रॅम लिहायची. मार्केट यार्डातल्या कोल्ड स्टोरेजमधले सेन्सर तापमानाचे मेसेज सतत पाठवत. ते एका रांगेत जमा होत आणि रुमानाचा प्रोग्रॅम एका छोट्याशा लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या मदतीने ते एकेक करून वाचे. गारवा कमी झाला, की व्यापाऱ्याच्या फोनवर इशारा जाई.

एका सकाळी स्ट्रॉबेरीचे व्यापारी अनंतराव गांजवे यांचा फोन आला.

"तुमचा इशारा आला हं, मॅडम. माल नासल्यावर आला, पण आला."

रुमानाने तपासलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी सेन्सरने अर्धवट मेसेज पाठवला होता. तो वाचताना प्रोग्रॅम अडखळला आणि लायब्ररी तोच मेसेज पुन्हा पुन्हा पुढे करत राहिली. शेवटी लायब्ररीनेच तो सोडून दिला, तेव्हा कुठे मागे ताटकळलेला अनंतरावांच्या सेन्सरचा मेसेज सुटला. असा मेसेज लगेच बाजूला काढायची सोय लायब्ररीत होती, रुमानाने ती वापरलीच नव्हती.

दुपारपर्यंत तिने दुरुस्ती केली. कंपनीचे साहेब म्हणाले, "झालं ना? सोड आता."

तिला चैन पडेना. संध्याकाळी ती अनंतरावांच्या गाळ्यावर गेली. हमाल सडक्या पेट्या बाहेर काढत होते.

"चूक माझी होती, काका. आता तसं होणार नाही."

अनंतरावांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"आपण स्वतः आलात, बरं वाटलं. पण थर्मामीटर बघायला मी आता माणूस ठेवलाय."

रुमानाने चहा संपवला आणि ती सडक्या पेट्यांमधून वाट काढत बाहेर पडली.