दोन्ही कानांत खरे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा बाजार 'हुबेहूब' म्हणतो. लोकांनी आपले हिऱ्याचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे आणि त्यांची नक्कल अंगावर घालून मिरवायचं. ती नक्कल करून द्यायचा त्यांचा धंदा. हात असा की खुद्द मालकिणीला आपली अंगठी कुठली ते कळू नये. मला ते 'मिरची' म्हणतात, कारण माझा राग सदा नाकावर असतो. असतो तर असतो. ताईच्या वाटणीचा रागही मलाच करावा लागला. ती कधी करायचीच नाही.

दुकानात भावोजींची एक पद्धत होती. गिऱ्हाईक माल न्यायला आलं की ते ताईला मागच्या खोलीतून हाक मारायचे. तिच्या एका कानात गिऱ्हाइकाचं खरं कानातलं घालायचं, दुसऱ्यात आपलं नकली. मग तिला दिव्याखाली उभं करून म्हणायचं, "ओळखा बघू!" बायका तिची हनुवटी धरून तोंड इकडून तिकडे वळवायच्या. बहुतेक जणी चुकायच्या, कारण नकली खडा जास्त रंग उधळतो, आणि लोकांना वाटतं, जास्त चमकतो तोच हिरा. मग हशा पिकायचा. ताईही हसायची. हसणं संपलं की भावोजी तिच्या कानातलं खरं हळूच काढून डबीत ठेवायचे आणि ताई गॅसवरचं दूध बघायला मागे पळायची. मला ते बघवायचं नाही.

एकदा कुणाच्या तरी घरी जेवायला गेलो होतो. तिथे एक बाई ताईच्या कानांकडे बघून शेजारणीला म्हणाली, "हुबेहूबची बायको ना ही? हिच्या अंगावर काय खरं असणार!" ताईने ऐकलं. ताटावरून उठली नाही, पण पुढे घासही घेतला नाही. परत येताना मला म्हणाली, "एकदा दोन्ही कानांत खरे घालायचेत गं. एकदाच." मी ते भावोजींना तिखटमीठ लावून सांगितलं. ते म्हणाले, "घेऊ की." माणूस वाईट नाही, पण त्या 'घेऊ की'मध्ये वर्षांमागून वर्षं गेली.

मग ताईची फुप्फुसं निकामी होत गेली. डॉक्टर खोलीत एक बोलायचे आणि दाराबाहेर दुसरंच. आम्हीही त्यांच्या पंक्तीला बसलो. थंडी ओसरली की हिंडाफिरायला लागशील, रंग किती सुधारलाय, असं काहीबाही रोज सांगायचो. ताई मुकाट्याने ऐकून घ्यायची. तिला सगळं कळत होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

भावोजींनी दुकानाचा पुढचा गाळा विकला आणि मला घेऊन हिऱ्यांच्या पेढीत गेले. विक्रेत्याने मखमलीवर जोड मांडले. भावोजींनी भिंगातून एकेक पाहत शेवटी एक उचलला. त्यातल्या एका हिऱ्याच्या आत केसासारखी रेघ होती.

"अहो, चांगले सोडून हा चीर पडलेला कशाला?" मी म्हटलं.

"चीर नाही गं, मिरचे. जमिनीतून आल्याची खूण आहे ती. माझ्या मालात अशी रेघ सापडायची नाही. तुझ्या ताईला दाखवता येईल."

घरी आल्यावर त्यांनी ते ताईच्या हातावर ठेवले. तिने ते उलटेपालटे करून पाहिले.

"छान जमलेत," ती म्हणाली.

"जमलेत नाही, घेतलेत. खरे आहेत."

"हो का?"

त्यांनी भिंग दिलं. तिच्या हातात ते ठरेना, रेघ काही दिसेना. पावती दाखवली, तर म्हणाली, "कागद काय, छापून मिळतो." मी म्हटलं, "अगं, मी स्वतः गेले होते बरोबर!" तिने माझ्याकडे पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही दोघं हल्ली काहीही सांगता."

भावोजी इरेला पेटले. एका हातात नवं कानातलं, दुसऱ्यात तिचं जुनं नकली धरून तिच्या तोंडापुढे बसले. "तूच बघ. तोंडाची वाफ सोड. नकलीवर ती रेंगाळते, हिऱ्यावरची लगेच उडते."

ताईने होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि सोडला. दोन्ही खडे होते तसेच राहिले. वाफ धरण्याएवढा श्वास तिच्यात उरलाच नव्हता. मग खोकल्याची उबळ आली ती काही केल्या थांबेना. ती थांबल्यावर भावोजींनी स्वतः वाफ सोडून दाखवली. जुना खडा धुरकटला, नवा लख्ख.

"एवढी वर्षं गिऱ्हाइकांना चकवलंत," ताई डोळे पुसत हसली, "मला चकवायला काय जड आहे तुम्हाला?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. तरी तिने ते कानांत घातले, त्यांचं मन मोडू नये म्हणून.

दुपारी येणारी नर्स दुसऱ्या गावी नोकरीला चालली होती. पोरगी गुणी, ताईचं सगळं मनापासून करायची. शेवटच्या दिवशी ती निरोप घ्यायला वाकली, तेव्हा ताईने आपल्या हाताने दोन्ही कानांतले काढले आणि तिच्या तळव्यावर ठेवले. "घे. तुला शोभतील."

"ताई!" मी ओरडले. तिने माझं मनगट घट्ट धरलं, पण नजर भावोजींवर होती.

ते पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. डोळे भरून आले होते. पण नर्सला म्हणाले, "एवढ्या प्रेमाने देतेय, घे." आणि तिला सोडायला खाली गेले.

ताईने माझं मनगट सोडलं. "बघ. खरे असते तर यांनी जाऊ दिले असते का?"

"अगं, देवाशपथ खरे आहेत. थांब, त्यांना विचार..."

"नको. दमले मी." तिने डोळे मिटून घेतले.

मी तावातावाने बाहेर आले. हुबेहूबला आज फाडून खायचं असं ठरवूनच जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. ते वर आले. इतकं उजळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"मिरचे, पटलं गं तिला!" ते माझा हात धरून म्हणाले. "खरे आहेत हे पटलं, म्हणूनच दिले. नाहीतर जाताना कुणी कुणाला खोटं देतं का? मी मधे पडणार होतो, पण म्हटलं, देऊ दे. तिचं देणं आहे."

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. आठवडा संपायच्या आत ताई गेली.

अजूनही मी दुकानात गेले की भावोजी चहा मागवतात आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगतात की आमच्या हिने शेवटी कानांतले खरे हिरे काढून दिले, मनाची एवढी मोठी, विचारा या मिरचीला. मी चहा पिते आणि हो म्हणते.