तिने न पाठवलेली मुलाखत

नाशिक रोडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी अकरावीत आहे, पण ऑनलाइन कोर्स केला तो पदवीच्या मानसशास्त्राचा. जिन्यात भेटली की विचारते, "ताई, आज कशाने चिडलात?" मग मान तिरकी करून ऐकते. सल्ला मात्र देत नाही. आई तिला "डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवते.

कोर्स संपताना एका माणसाची मुलाखत पाठवायची होती. तिने माझ्या आईची घेतली. आपली शाळा चौथीत का सुटली, हे आई मला कधी बोलली नव्हती. या मुलीशी त्यावर तासभर बोलली. दुसऱ्या सकाळी मात्र खाली जाऊन म्हणाली, "लय बोलून गेले मी. ते पाठवू नको बाई."

मुदत त्याच दिवशी संपत होती. तिने आईसमोरच रेकॉर्डिंग पुसलं. सर्टिफिकेट हुकलं.

"अगं, नाव बदलून पाठवायचं!" मी म्हणाले. मी घरातली पहिली पदवीधर; सर्टिफिकेट असं सोडणं मला जमलं नसतं.

"काकू नको म्हणाल्या ना, ताई."

"बरं, पण बोलली काय ती?"

"ते त्यांनाच विचारा की. सांगतील तुम्हाला."

मी अजून विचारलेलं नाही.